बंद कारखान्यातल्या वस्तू गोळा करताना आणि जपताना: स्टोअरमधल्या बाईची पद्धत

मी कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये २२ वर्षं काम केलं. बोल्ट, बेअरिंगं, चामडी पट्टे, धोटे (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी साधनं), कांड्या (धोट्यात बसणाऱ्या, धागा गुंडाळलेल्या नळ्या), तेलाचे डबे, सगळं माझ्या हाताखालून जायचं. प्रत्येक खणाला एक बिन कार्ड टांगलेलं असायचं: माल कधी आला, कोणत्या खात्याला किती गेला, शिल्लक किती. गिरणी बंद पडली, यंत्रं विकायला निघाली, तेव्हा आम्ही सहा जणांनी मागे उरलेल्या वस्तू जपायचं मनावर घेतलं. संग्रहालयाचं शिक्षण कुणाचंच नव्हतं. बिन कार्डाची सवय मात्र अंगात मुरलेली होती आणि त्या सवयीनंच आमचं काम तारून नेलं.

या कामात वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते. एखादा लोखंडी आकडा भंगारात पडलेला असो की फळीवर मांडलेला, वजन तेवढंच भरतं. तो कोणत्या साच्याच्या, म्हणजे मागाच्या, कोणत्या बाजूला, किती उंचीवर टांगलेला होता, कोण वापरायचं, हे लिहून ठेवलेलं असेल तर त्यातून कामाची रीत कळते. वस्तू जागेवरून हलली की ही माहिती हरवायला लागते. म्हणून मी सांगते त्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आधी नोंद, मग उचल. तुमचा कारखाना छापखाना असेल, ओतशाळा असेल, काचेचा असेल, तरी हेच लागू पडतं.

लेखी परवानगी

बंद कारखाना बेवारस नसतो. जमीन एकाची, यंत्रं दुसऱ्याची, भंगाराचा ठेका तिसऱ्याकडे, आणि दिवाळखोरीचं प्रकरण चालू असेल तर ताबा चौथ्याकडे, असं असू शकतं. आम्ही पहिल्या खेपेला तोंडी होकारावर आत गेलो. नकाशांचं मोठं कपाट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेटवरचा माणूस बदललेला होता, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कागदपत्रं करण्यात आठ दिवस गेले. तेवढ्यात कपाट कुणीतरी रिकामं केलं, नकाशे अंगणात आले आणि त्यांच्यावर एक अख्खी रात्र पाऊस पडला. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सहीचा एक कागद खिशात असता तर हे टळलं असतं.

त्या कागदावर इतकं तरी असावं: देणारा कोण आणि त्याला देण्याचा अधिकार कशामुळे आहे, कोणत्या वस्तू देतो आहे, कायमच्या दिल्या की सांभाळायला दिल्या, फोटो प्रसिद्ध करायची मुभा आहे का, तारीख आणि दोन्हीकडच्या सह्या. ‘कायमच्या’ आणि ‘सांभाळायला’ या दोन शब्दांवरून पुढे फार भांडणं होतात, तेव्हा तिथे गुळमुळीत लिहू नका.

लॉकरमध्ये कामगारांच्या खाजगी वस्तू निघतात: पत्रं, घरचे फोटो, चष्मे. त्या कारखान्याच्या नाहीत, ज्याच्या त्याला पोचवायचा प्रयत्न आधी करा. दवाखान्याचे कागद आणि पगारपत्रकं जपावीत, पण कुलपात ठेवावीत. त्यात जिवंत माणसांची माहिती असते.

जिथे हात लावायचा नाही

या बाबतीत मी कडक आहे आणि कुणी भित्री म्हटलं तरी चालेल. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं पांढुरकं-करडं वेष्टण, जुनी गॅस्केटं, ब्रेकचे अस्तर, काही पन्हाळी पत्रे यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो असंच धरून चाला. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही आणि केरसुणीनं झाडलं की ते हवेत उडतात. तिथून मागे फिरा आणि जाणकार माणूस बोलवा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि मोठ्या कपॅसिटरच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकतं. अमेरिकेत १९२९ पासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे विषारी रसायन मोठ्या प्रमाणावर तयार होत होतं. गळका ट्रान्सफॉर्मर कितीही देखणा असला तरी तो आपला नाही. दाबमापकात आणि जुन्या स्विचांत पारा सापडतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग असायचा. ती चमक आज गेलेली असते, कारण चमकणारा पदार्थ थकतो, रेडियम मात्र तसंच राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. अशा तबकडीची काच उघडू नका, रंग खरवडू नका.

कबुतरांची विष्ठा साचलेल्या माळ्यावर कोरडं झाडू नका. लोखंडावरचा जुना लाल-केशरी रंग बहुधा शिशाचा असतो, तो घासू नका. एकट्यानं आत जाऊ नका. पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि बाहेरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवलेली.

उचलण्याआधी

औद्योगिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २००३ साली रशियातल्या निझनी तागील इथं एक सनद स्वीकारली. कोणताही बदल करण्याआधी जागेची पूर्ण नोंद करावी, काढून नेलेल्या महत्त्वाच्या भागांची नोंद करून ते नीट ठेवावेत, असं तिच्यात म्हटलं आहे. आम्हाला ही सनद पुष्कळ उशिरा कळली. वाचताना मला बिन कार्ड आठवत राहिलं.

प्रत्यक्षात मी असं करते. खोलीत शिरल्यावर पहिला अर्धा तास कशालाही हात लावायचा नाही. चारही कोपऱ्यांतून खोलीचे फोटो, दार कुठे आणि उत्तर कुठे ते कळेल असे. मग वहीत खोलीचा कच्चा आराखडा काढायचा: खांब, खिडक्या, यंत्रांच्या जागा. यंत्र गेलं असेल तर जमिनीतले बोल्ट आणि तेलाचे डाग सांगतात ते कुठे उभं होतं. तेही काढायचं, टेपनं मोजून. त्यानंतर एकेका वस्तूचे तीन फोटो: लांबून, मग शेजारच्या गोष्टींसह, मग जवळून. जवळच्या फोटोत १० सेंटिमीटरची पट्टी आणि वस्तूचा नंबर दिसला पाहिजे.

भिंती विसरू नका. त्या उचलून आणता येत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आमच्या साचेखात्यात एका खांबावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा खुणांचे थरच्या थर होते. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नव्हतं. टॉर्च भिंतीला चिकटून आडवा धरला तेव्हा खुणांच्या सावल्या पडल्या आणि त्यांच्याखाली खिळ्यानं कोरलेली आणखी जुनी बेरीज दिसली. आडव्या उजेडाची ही युक्ती धातूवरचे अस्पष्ट ठसे वाचायलाही उपयोगी पडते.

प्रत्येक वस्तूला तिथल्या तिथे टॅग बांधायचा. धातूची तार किंवा रबरबँड नको, सुती नाडी बरी. टॅगवर पेन्सिलीनं लिहायचं, कारण शाई पाण्यानं पसरते. कार्डावर माझे रकाने असे: नंबर, काय आहे, तिथले लोक तिला काय म्हणायचे, कुठे सापडली, कशाशेजारी, अवस्था, माप, कुणी उचलली, तारीख, फोटोंचे नंबर. ‘तिथले लोक काय म्हणायचे’ हा रकाना मी मुद्दाम घातला. कारखान्यात प्रत्येक हत्याराला एक छापील नाव असतं आणि एक तोंडचं. छापील नाव यादीत सापडेल, तोंडचं नाव माणसांबरोबर जातं.

काय घ्यायचं, काय सोडायचं

सगळं घ्यावंसं वाटतं. पहिल्या महिन्यात आम्ही ३०० कांड्या आणल्या आणि जागा संपली. आता माझा क्रम ठरलेला आहे. कागद सर्वांत आधी, कारण तो सर्वांत आधी मरतो. त्यानंतर माणसाच्या हाताच्या खुणा असलेल्या वस्तू. मग संच: एका फिटरची अख्खी पेटी, एका यंत्राचे सगळे पाने. संच फोडून निवडक घेऊ नका. अवजड यंत्र शक्य असेल तर जागेवरच राहावं यासाठी आग्रह धरा. जर्मनीतल्या फ्योल्कलिंगन इथला पोलादाचा कारखाना १९८६ मध्ये थांबला, त्याच्या भट्ट्या जागेवर राहिल्या आणि १९९४ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. इतकं सगळीकडे होणार नाही. पण यंत्र वाचत नसेल तरी त्याची कंपनीची पाटी, नंबर, मापं आणि चालवणाऱ्याची हकिगत वाचवता येते.

एकसारख्या पुष्कळ वस्तू असतील तर दोन घ्या, एक कोरी आणि एक पुरती वापरलेली. धोट्याचंच बघा. कोरा धोटा गुळगुळीत, टोकांच्या धातूच्या टोप्या टोकदार. वापरलेल्या धोट्याची टोपी बोथट झालेली, पाठीची कड मागाच्या फणीला घासून खाली गेलेली. कांडीवरचा धागा बाहेर येण्यासाठी बाजूला जे छोटं भोक असतं, त्याच्याभोवतीचं लाकूड काळपट आणि चकचकीत. जुन्या धोट्यांत या भोकातून धागा तोंडानं ओढून घेत. एका धोट्याला दिवसभरात कितीतरी तोंडं लागायची आणि त्यातून रोग पसरायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायदा करून ही पद्धत बंद केली. ती चकाकी म्हणजे त्या ओठांचा पुरावा आहे, आणि सँडपेपरच्या दोन फटकाऱ्यांत ती जाते.

नंबर घालणं

आमची पद्धत साधी आहे: वर्ष, कितवी खेप, कितवी वस्तू. २०१९.४.१२ म्हणजे २०१९ मधल्या चौथ्या खेपेतली बारावी वस्तू. एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी नाही.

धातू आणि लाकडावर थेट मार्करनं लिहू नका, चिकटपट्टीही नको. पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून नखाएवढा पातळ थर द्यायचा, सुकला की त्यावर शाईनं नंबर, वर पुन्हा एक थर. पुढे कधी पुसायचा झाला तर अ‍ॅसिटोननं निघतो. रंगवलेल्या, रबरी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूवर हे करू नका, अ‍ॅसिटोन तिथला पृष्ठभागच खातो. तिथे टॅग. कापडावर नंबर लिहिलेली सुती पट्टी दोन-चार टाक्यांनी शिवायची. कागदाच्या मागे कोपऱ्यात २बी पेन्सिल, हात न दाबता.

साफसफाई, म्हणजे बहुतेक वेळा थांबणं

गिरणीत प्रत्येक कामगाराला पितळी बिल्ला असायचा, त्यावर नंबर ठोकलेला. मला एका डब्यात ४० बिल्ले मिळाले, काळे पडलेले. मी उत्साहानं पितळ चमकवायची पेस्ट आणली आणि एका रविवारी सगळे लख्ख केले. महिन्याभरानं हजेरीवर काम केलेले एक काका आले. त्यांनी बिल्ले हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि विचारलं, “रंग कुठे गेला?” ठोकलेल्या आकड्यांच्या खाचांत पहिल्या पाळीला लाल आणि दुसऱ्या पाळीला हिरवा रंग भरलेला असायचा. मी तो काळवंडलेला मळ समजून घासून काढला होता. आधी फोटोही घेतले नव्हते. ४० माणसांची पाळी मी पुसून टाकली आणि ती आता कुठेच लिहिलेली नाही.

तेव्हापासून नियम केला: काय आहे ते कळल्याशिवाय काढायचं नाही. निझनी तागीलच्या सनदेतही हा विचार आहे, की उत्पादनाच्या कामातून वस्तूवर आणि जागेवर जी झिलई चढते ती त्यांच्याच खरेपणाचा भाग असते. सैल धूळ काढा. मऊ ब्रश एका हातात, व्हॅक्यूम क्लीनर दुसऱ्या हातात, नळीच्या तोंडाला पातळ जाळी बांधलेली, म्हणजे सुटलेला तुकडा आत जात नाही. बहुतेक वस्तूंना इतकं पुरतं.

लोखंडाला पाणी लावू नका. वाळलेलं जाड ग्रीस बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, उरलेलं व्हाइट स्पिरिटनं (रंग पातळ करायला वापरतात ते द्रावण), खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ठिणगी नसताना. पण आधी बघा, ग्रीसखाली रंग, पट्टे, नंबर आहेत का. सुटा गंज पितळी तारांच्या ब्रशनं हलक्या हातानं. घट्ट बसलेला गंज राहू द्या, तो आणि त्याखालचा आकार एकच झालेले असतात. लोखंड पूर्ण कोरडं झालं की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवून मऊ कापडानं पुसा. पातळ तेल लावलं तर त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात पुन्हा चिकटा होतो. आमच्या फिटरांना हे पटवताना मला फार कष्ट पडले, कारण लोखंड दिसलं की तेल हा त्यांचा धर्म.

गंजावर केशरी घामासारखे थेंब दिसले तर आत क्षार शिरलेले आहेत. मेण लावून हे थांबत नाही, उलट झाकलं जातं. अशी वस्तू हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि धातूंच्या संवर्धकाला, म्हणजे जतनाच्या जाणकाराला, दाखवा.

पितळ आणि तांबं हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, घामाचे ठसे कायमचे उमटतात. शिशाच्या वस्तू, म्हणजे कापडाच्या गाठींवर ठोकायची सीलं किंवा छापखान्यातले अक्षरांचे खिळे, ओकच्या कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि ती विषारी असते. रबरी वस्तू चांदीपासून लांब, कारण रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

कापड, लोकर, चामडं यांना कीड असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे २० अंश सेल्सिअसला किमान आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही. बाहेरच्या हवेतलं पाणी वस्तूवर बसण्याऐवजी पिशवीवर बसू द्या.

नकाशे आणि कागद

भिजलेल्या नकाशांकडे येते. ओला कागद दोन दिवसांत सुकवता आला नाही तर बुरशी धरते. ढीग मोठा होता, सुकवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही गठ्ठे करून मधे मेणकागद घातले आणि एका ओळखीच्या शीतगृहात गोठवून टाकले. गोठवलं की वेळ थांबते. नंतर थोडे थोडे काढून टिपकागदांच्या मधे सुकवले, पंखा भिंतीकडे तोंड करून. गोठवायच्या आधी जे एकमेकांना चिकटलेले होते ते ओढून सोडवायला गेलो तेव्हा पाच फाटले. चिकटलेले कागद ओढू नका. त्यांना संवर्धकाची वाट बघू द्या.

निळ्या नकाशांची एक खोड आहे. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी ही छपाई शोधली. त्यातला निळा रंग प्रशियन ब्लू आहे आणि तो अल्कलीनं उडतो. आम्लविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कागदांत मुद्दाम अल्कली घातलेली असते. इतर कागदांसाठी ती चांगली, निळ्या नकाशांसाठी घातक. त्यांच्यासाठी अल्कली न घातलेला तटस्थ कागदच मागा. उजेडानंही हा रंग फिका होतो, अंधारात ठेवल्यावर थोडा परत येतो, पण त्याच्या भरवशावर भिंतीला टांगू नका. फिक्या पार्श्वभूमीवर निळ्या किंवा काळ्या रेघांच्या, अमोनियानं उमटवलेल्या प्रती वेगळ्या ठेवा, त्यांची रसायनं शेजारच्या कागदाला डागतात. मेणकापडासारखा दिसणारा अर्धपारदर्शक नकाशा असेल तर तो कांजी चढवलेल्या सुती कापडाचा असतो. पाण्याचा एक थेंब पडला की तिथे कायमचा धुरकट डाग.

वर्षानुवर्षं गुंडाळून कडक झालेला नकाशा जोर लावून उलगडला तर मोडतो. मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाशी ओलं फडकं, त्यावर उंच जाळी, जाळीवर गुंडाळी, झाकण बंद. काही तासांनी कागद मऊ पडतो. मग टिपकागदांच्या मधे ठेवून वर सपाट वजन. डबा रात्रभर विसरू नका, बुरशीला तेवढं पुरतं.

रजिस्टरांतल्या टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढा. सेलोटेप कधीही नाही, लॅमिनेशन कधीही नाही. कागद हाताळताना हात धुऊन कोरडे केलेले पुरतात. सुती मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि कड फाटते. विणकामाचे भोकं पाडलेले जॅकार्ड पत्ते सापडले तर त्यांची ओवण सोडू नका, नक्षी त्या क्रमातच असते.

फोटोंसाठी पीव्हीसीचे पाऊच नकोत, पॉलिएस्टरचे घ्या. काचेच्या निगेटिव्ह कडेनं धरून, लांब बाजूवर उभ्या ठेवा. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेटची फिल्म कुजते आहे, बाकीच्यांपासून वेगळी करा. फिल्म १९५० च्या सुमाराची किंवा त्याआधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते. ती हवेशिवायही जळते, तेव्हा घरात ठेवू नका आणि लगेच मोठ्या अभिलेखागाराशी बोला.

खोली

पोटमाळा नको, तळघर नको. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. सगळं एकाच खोलीत असेल तर ४५ ते ५० टक्के हा आकडा बऱ्यापैकी सगळ्यांना मानवतो. ६५ च्या वर गेलं की बुरशी आणि गंज दोघांचंही फावतं. खोली काबूत येत नसेल तर निदान धातू हवाबंद डब्यांत सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं. केशरी दाणे घ्या, त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात.

कार्डांच्या आणि फोटोंच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

माणसं

हे मी शेवटी लिहिते आहे, पण करायला पहिल्या आठवड्यात घ्या. वस्तू थांबतात, माणसं थांबत नाहीत. रेकॉर्डिंगला परवानगी सहीनं घ्या, कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही ते त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘गिरणीबद्दल काय वाटतं’ असं विचारलं तर दोन वाक्यांत संपतं. वस्तू हातात द्या आणि विचारा, “हे कसं धरायचं? सकाळी आल्यावर पहिलं काय करायचा? बिघडलं तर कुणाला हाक मारायचा?” हात आधी आठवतात, मग तोंड बोलायला लागतं.

एका विणकर काकांना मी वापरलेला धोटा दिला. त्यांनी तो अंगठ्यानं आतून चाचपला आणि हसले. धोट्याच्या पोटात कडेला केसाळ कातड्याचा एक तुकडा चिकटवलेला होता, धुळीनं भरलेला. माझ्या कार्डावर त्यापुढे ‘आत कचरा, काढणे’ असं लिहिलेलं होतं. काकांनी सांगितलं, कांडीवरून धागा भसकन सुटून गुंता होऊ नये म्हणून ते केस त्याला हलकेच धरून ठेवतात. केस झिजले की बाणा, म्हणजे आडवा धागा, सैल पडतो आणि कापडाच्या काठाला वेटोळी येतात. मग विणकर आपल्या हातानं नवा तुकडा डकवायचा. “हा मीच लावलेला असेल,” ते म्हणाले, “सांगता येत नाही.”

कार्डावरची ती ओळ मी एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरी माहिती लिहिली, सांगणाऱ्याचं नाव, तारीख आणि रेकॉर्डिंगचा नंबर घातला. तुम्हीही चुकलेली नोंद खोडरबरानं पुसू नका आणि जुनं कार्ड फेकू नका. नव्या कार्डामागे ते सुती दोऱ्यानं बांधून ठेवा, टाचणी न लावता.